रेफित झेनेलीची मुलगी

३ ऑक्टोबर २००२, एल्बासान

आज सकाळी तेउता गेली. रेफितच्या गाडीत मागे बसली आणि काच खालीवर करायच्या हँडलशी खेळत राहिली. गाडी सुटली तरी तिचं लक्ष त्या हँडलातच. मी हात हलवत होते ते तिनं पाहिलंच नाही. नऊ वर्षांची आहे, गाडीत पहिल्यांदा बसली, तिचं काय चुकलं?

पोलादाच्या कारखान्यात मी क्रेन चालवायचे तेव्हा पाळी संपली की नोंद करायची पद्धत होती. काय उचललं, कुठं ठेवलं, काय बिघडलं. कारखाना बंद पडला, धुराडी तेवढी उभी आहेत, आणि नोंदीची सवयही गेली होती. आज घर खायला उठलं म्हणून पुन्हा लिहायला बसले.

तर नोंद अशी. तेउता रेफितबरोबर सीमेपलीकडे सेलानिकला गेली. चौकात गाड्या थांबल्या की कागदी रुमाल विकायचे. भीक नाही, विक्री. वसंतात परत. तिच्या बापाची, नेशातची फुफ्फुसं भट्टीनं खाल्ली, तो जिना चढला तरी बसून घेतो. मला कुणी काम देत नाही, इथं कुणालाच कुणी देत नाही. लिंदिता चार वर्षांची. हिवाळ्याची लाकडं अजून घ्यायची आहेत.

रेफित काही परका नाही. तेउताचं जावळ त्यानं काढलं. आमच्यात ज्याच्या हातून पहिली बट कापली जाते तो सख्ख्या भावाच्याही वर. त्याच्या घराशी सोयरीक होत नाही, त्याच्याशी भांडण होत नाही, आणि त्याच्याविरुद्ध परक्यापुढे तोंड उघडलं तर सगळी वस्ती त्या घरावर थुंकते.

शिवाय मी डोकं लढवलंय. शेजारच्या बुकुरिएच्या पोरानं मागे तिथल्या पोलिसांना खरं नाव सांगितलं आणि सरकारी वसतिगृहात अडकून पडला, आईबापांना कागद गोळा करता करता वर्ष गेलं. म्हणून मी नगरपालिकेतून तसा जन्माचा दाखला काढून दिला आणि रेफितच्या पासपोर्टवर तेउताला त्याची मुलगी म्हणून चढवून घेतलं. कारकुनाला थोडं चारावं लागलं. तेउताकडून शाळेच्या कवितेसारखं घोकून घेतलं: मी तेउता झेनेली, रेफित झेनेलीची मुलगी. पकडली तर ‘बाप’ जाऊन सोडवून आणेल.

नेशात कुरकुरला. मी म्हटलं, कागदावर बाप बदलला म्हणून नाक बदलतं का? तुझंच नाक आहे तिला, बिचारीला.

२७ ऑक्टोबर

कोपऱ्यावरच्या दुकानात फोन आला. मी पीठ मळता मळता धावले, दुकानदाराचा फोन कणकेनं माखला, तो अजून बडबडतोय.

तेउता म्हणाली, लाल दिवा लागला की माझं काम आणि हिरवा लागला की सुट्टी. लोक तिला बघून काचा वर करतात. काही जण नाणं टाकतात आणि रुमाल घेतच नाहीत, मग तिला कळत नाही की ही विक्री झाली की नाही. मी म्हटलं, झाली. जेवतेस का? हो म्हणाली. थंडी? थोडी. मग स्वतःहूनच म्हणाली, "आई, मी नाव विसरले नाही हं. रेफित झेनेलीची मुलगी." इतकं सफाईनं म्हणाली की जन्मल्यापासून तेच नाव असावं. पण चांगलंच आहे ते.

मग रेफितनं फोन घेतला. म्हणाला, पोरगी हुशार आहे, हिचं नशीब चौकात संपणारं नाही. ऐकून बरं वाटलं.

१२ नोव्हेंबर

पकडली. दोन वर्षांनी त्यांच्याकडे सगळ्या जगाचे खेळ भरणार आहेत, म्हणून आतापासून चौक साफ करताहेत. कागद, बाटल्या, कुत्री आणि आमची पोरं, एकाच झाडूनं.

रेफितचा फोन होता. म्हणाला, घाबरू नकोस, मुलींच्या वसतिगृहात ठेवलंय, गरम पाणी आहे, पलंग आहे. पोरीनं शिकवल्याप्रमाणे सांगितलंय. मी कागद घेऊन जातो आणि सोडवतो.

नेशात रडला. मी नाही रडले. ज्या दिवसासाठी युक्ती केली तो दिवस आला, त्यात रडायचं काय? उलट बुकुरिएला जाऊन ऐकवून आले, की बघ, अक्कल वापरली की असं असतं.

५ डिसेंबर, बैराम

फोन नाही. रोज्यांनंतरच्या सणाचा ब्युरेक केला, पातळ पोळ्यांच्या थरांत पालक भरून. तेउताचा तुकडा झाकून ठेवला होता तो संध्याकाळी लिंदितानं खाल्ला.

रेफितच्या घरी जाऊन आले. त्याची बायको म्हणाली, तो प्रवासात आहे. कुठल्या प्रवासात? प्रवासात. त्यांच्या घरावर नवी कौलं चढली आहेत आणि टीव्हीची मोठी तबकडीही. मागच्या हिवाळ्यात तिथं बादल्या ठेवाव्या लागत होत्या. कष्टाळू माणूस आहे, त्याचं चांगलं झालं तर आपल्याला वाईट का वाटावं.

१७ डिसेंबर

नेशातनं भुणभुण लावली म्हणून गावातल्या त्या परदेशी पैशांच्या ऑफिसात गेले. बाहेर पाटी आहे, मुलांना घरी आणा. आत हीटर. इल्दा नावाची मुलगी बसते, राजधानीतली, तिरानाची, पंचविशीची, बूट चकचकीत, पण बोलायला साधी. तिनं मला "मावशी" म्हटलं, मी काही इतकी म्हातारी नाही.

मी सांगितलं, मुलगी हरवली आहे. नाव खरं दिलं, तेउता कासेमी. कुणी नेली? एका अनोळखी माणसानं, सेलानिकला रुमाल विकायला. हे मी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं.

करणार काय? आपलेच दात, आपलेच ओठ. रेफितचं नाव दिलं तर तो सेलानिकच्या तुरुंगात आणि आम्ही वस्तीत तोंड दाखवायच्या लायकीचे राहणार नाही. आणि तो तुरुंगात गेला तर तिला सोडवणार कोण?

९ जानेवारी २००३

सेलानिकहून उत्तर आलं. या नावाची मुलगी कुठल्याही वसतिगृहात नाही, नव्हती.

इल्दानं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मावशी, ती दुसरं काही नाव सांगत असेल का? पुष्कळ मुलं सांगतात." जिभेवर होतं. मी म्हटलं, "माझ्या मुलीला तिचं नाव ठाऊक आहे."

परतताना नदीच्या पुलावर थांबले आणि स्वतःला दोन शिव्या घातल्या. पण शिव्यांनी काय होतं. कदाचित रेफितनं तिला सोडवलंही असेल आणि फोनच मिळत नसेल.

२३ जानेवारी

इल्दा आपल्या वरिष्ठ बाईंना घरी घेऊन आली. स्विस आहेत, उंच, गुडघे दिवाणाच्या वर येत होते. बूट दारातच काढले, हे मला आवडलं. बोलणं इल्दा एका भाषेतून दुसरीत उलटवून सांगत होती.

बाईंनी विचारलं, इतक्या लहान मुलीला पाठवताना तुम्हाला काय वाटलं? आवाज चढवला नाही, पण मला झोंबलं.

मी इल्दाला म्हटलं, "सांग तिला, आम्ही पाठवतो हे खरं. पण त्या चौकात गाड्या कुणाच्या असतात? आमच्या? काच खाली करून नाणं कोण टाकतं? आम्हाला तुमच्याकडे यायला व्हिसा मिळत नाही, सीमेवर कुत्री सोडता. पोर तेवढं चालतं. ते चौकात उभं राहिलं की तुम्हाला दिसतही नाही आणि उचलायचं ठरवलं की एका दिवसात दिसतं."

इल्दा थोडं मऊ करून सांगत होती, मी तिला म्हटलं जसंच्या तसं सांग.

बाईंनी हातातला ब्युरेकचा तुकडा बशीत ठेवला. मग म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. आमच्या लोकांना वाटतं, नाणं टाकलं की आपलं काम संपलं. आमची सरकारंही तेच करतात, त्यांचं नाणं जरा मोठं असतं, एवढंच." मला वाटलं होतं ती मला शिकवायला आली आहे. मी तिला आणखी एक ब्युरेक वाढला.

मग त्यांनी सांगितलं की तिथले पोलीस म्हणतात, इथल्या पोलिसांनी विचारलं पाहिजे. इथले म्हणतात, तिथल्यांनी कळवलं पाहिजे. आणि ज्या देशांच्या पैशांवर हे ऑफिस चालतं, त्यांनी मार्चनंतर हात आखडता घेतलाय. आता कुठंतरी लढाई व्हायची आहे, पैसा तिकडं लागणार. मी म्हटलं, म्हणजे आमच्या पोरांना मार्चच्या आत सापडायला हवं. इल्दानं हे उलटवून सांगितलं नाही.

४ फेब्रुवारी

काही नाही. बर्फ. नेशात दोन दिवस माझ्याशी बोलत नाही.

११ फेब्रुवारी, मोठा बैराम

आज रेफितच्या दारात उभी राहिले. त्याच्या बायकोनं कुर्बानीचं मटण पिशवीत घालून उंबऱ्यावरूनच हातात दिलं. आत ये म्हणाली नाही. जावळाच्या नात्यातल्या बाईला, सणाच्या दिवशी, भिकारणीसारखं दारातून.

मी पिशवी घेतली. घरी येऊन शिजवलं, पोरीला खायला घातलं, मला मात्र एक घास गिळवला नाही. माणूस चुकीचं काही करत नसेल तर त्याची बायको डोळे का चुकवते?

नेशात एवढंच म्हणाला, "उद्या जाऊन नाव सांग. वस्ती थुंकली तर थुंकू दे, मी पुसून काढीन." या माणसाला मी इतकी वर्षं मऊ समजत होते.

१३ फेब्रुवारी

सांगितलं. तेउता झेनेली. रेफित झेनेलीची मुलगी म्हणून. त्याच्या पासपोर्टवर आहे. मीच चढवलं.

इल्दा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "मावशी, दोन महिने आपण दुसऱ्याच मुलीला शोधत होतो."

१९ फेब्रुवारी

सापडली! म्हणजे नोंद सापडली. तेउता झेनेली, नोव्हेंबरमध्ये वसतिगृहात होती, आठवड्याभरात बाप कागद घेऊन आला, कागद तपासले, बरोबर होते, मुलगी बापाच्या स्वाधीन केली.

मी इल्दाचा मुकाच घेतला. बघ, मी म्हटलं, रेफितनं शब्द पाळला, सोडवलं त्यानं! युक्ती चालली! इल्दा हसेना. टेबलावरच्या काचेवरून बोट फिरवत राहिली. म्हणाली, त्यांच्या दप्तरी ती घरी पोचलेल्या मुलांत आहे. इतक्या मुलांना कुटुंबात परत पाठवलं असा वार्षिक अहवाल असतो, त्यात तिची गणती झालेली आहे. तिथं आता कुणी हरवलेलंच नाही.

पावाच्या दुकानापाशी रांगेत उभी होते तेव्हा डोक्यात शिरलं. नोव्हेंबर. नोव्हेंबरात सोडवली आणि आज फेब्रुवारी संपत आलाय.

पुढची बाई म्हणाली, अगं तुझा नंबर आला. मी पाव न घेताच रांगेतून बाहेर पडले. चोराच्या हाती किल्ल्या दिल्या, आणि दाखला काढायला माझ्या पायांनी गेले. ती पोलिसांना खरं नाव सांगून बुकुरिएच्या पोरासारखी तिथंच अडकून पडली असती तर आज मला तिचा पलंग कुठं आहे ते माहीत असतं. माझ्या लेकीनं माझं ऐकलं. एवढाच तिचा गुन्हा.

२१ फेब्रुवारी

इल्दाबरोबर इथल्या पोलीस ठाण्यात. साहेब सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. म्हणाला, बाई, तक्रार जरूर घेतो. पहिली आरोपी तुम्ही. पोर तुम्ही दिलंत, खोटा कागद तुम्ही केलात. आणि घरात धाकटी आहे ना? तिला अनाथालयात ठेवावं लागेल, कायदा आहे. हे सगळं गोड आवाजात. बियांची टरफलं वहीवरच टाकत होता.

इल्दा बाहेर येऊन म्हणाली, तो भीती घालतोय, असं होईलच असं नाही. होणारच नाही असं म्हण, मी म्हटलं. तिनं गाडीचं दार उघडून धरलं.

तिच्या बाईंनी एक वाट काढली आहे. मी सरकारी वकिलापुढे शपथेवर सांगायचं की रेफित तिचा बाप नाही. मग सेलानिकला फाईल पुन्हा उघडावी लागेल, मग इटलीला, पोरं पुढे तिकडंच नेतात म्हणे, मग जिथं जिथं सीमा ओलांडली असेल तिथं. वकिलानं सतरा मार्चची वेळ दिली आहे. त्याच आठवड्यात ऑफिसला कुलूप लागणार. इल्दा म्हणाली, "तेवढं एक काम करूनच मी कुलूप लावीन."

१४ मार्च, उन्हाळ्याचा सण

सगळं गाव रस्त्यावर. घराघरांतून मक्याच्या पिठाच्या गोड वड्यांचा, बालोकुमेचा वास. मी केल्या नाहीत, बुकुरिएनं लिंदितासाठी पाठवल्या.

दुपारी रेफित आला.

नवा कोट, हातात मिठाईचा खोका. दारात मला "हाजरिए, ताई माझी" म्हणाला आणि गालाला गाल लावले. नेशात भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मला उकळती कॉफी त्याच्या तोंडावर फेकावीशी वाटली. मी विचारलं, साखर किती.

तो म्हणाला, पोरगी मजेत आहे. पलीकडे, इटलीत. एका म्हातारीच्या सोबतीला आहे, चांगलं घर आहे, शाळेतही घालणार आहेत. मी विचारलं, कुठलं गाव? तो म्हणाला, गाव सांगितलं तर तू उद्या त्या ऑफिसात जाऊन सांगशील. माझं नाव सांगितलंस तसं.

सगळं कळलेलं होतं त्याला. ठाण्यातूनच कळलं असणार.

मी म्हटलं, "रेफितभाऊ, तू तिचं जावळ काढलंस."

"म्हणून तर आलो. दुसरा कुणी आला नसता." त्यानं कप खाली ठेवला. "सोमवारी तू वकिलाकडे गेलीस तर मला आत टाकतील. टाकू देत. पण मग तिला आणणार कोण? तुझी स्विस बाई? ती बंदराबंदरानं तुझी पोर शोधत फिरणार आहे? पुढच्या महिन्यात ती आपल्या गावी जाऊन बर्फावर घसरत असेल. तेउता कुठं आहे हे या जगात मला एकट्याला माहीत आहे. हे डोक्यात ठेव."

मी विचारलं, आणशील? तर त्यानं टेबलावरची भाकरी ओढली, तिच्यावर हात ठेवला आणि शब्द दिला. चेरी पिकायच्या आत, दोन महिन्यांत आणून सोडतो. तू फक्त गप्प राहा, ऑफिसला सांग की विषय संपला.

भाकरीवर हात ठेवून आमच्यात कुणी खोटं बोलत नाही. नेशात म्हणतो, बोलतात. नेशातला सगळ्यांतच वाईट दिसतं.

जाताना त्यानं लिंदिताच्या गालाला चिमटा काढला. म्हणाला, ही पण मोठी झाली की गं.

१६ मार्च

परवापासून एकच हिशेब करतेय. बोलले तर रेफित आत, त्याच्याबरोबर पत्ता आत, लिंदिता अनाथालयात. नाही बोलले तर रेफितचा शब्द. परदेशी लोकांचा कायदा आहे, पण ते जाताहेत. रेफित तेवढा इथं आहे. मला त्याची किळस येते आणि त्याच्यावाचून माझ्याजवळ काही नाही. मी इतकी घाबरले आहे की मला माझा आवाज ओळखू येत नाही.

नेशातशी भांडले. तो म्हणाला, तुझ्या युक्त्यांनी एक गेली. मी म्हटलं, आणि तुझ्या पडून राहण्यानं कोण परत आली?

१७ मार्च

सकाळी इल्दाची गाडी आली. मागच्या सीटवर खोकी, दोऱ्या, ऑफिसातलं झाड कुंडीसकट. तिनं हॉर्न वाजवला नाही, स्वतः वर आली. आज साधे बूट होते. म्हणाली, चला मावशी, वेळेत पोचू.

मी दारात उभी होते. म्हटलं, "आता गरज नाही. तेउता आली."

"काय?"

"काल आली. रेफितनंच आणली. चूकभूल झाली होती सगळी."

इल्दा जिन्याच्या पायरीवर बसली आणि दोन्ही हातांत तोंड घेऊन रडायला लागली. मग डोळे पुसून तिनं बाईंना फोन लावला. पलीकडून बाईंचा आवाज इथपर्यंत ऐकू आला, भाषा कळली नाही, पण आनंदाचाच होता. इतक्या महिन्यांत एक तरी, असं काहीतरी म्हणाल्या, असं इल्दानं सांगितलं. शेवटच्या अहवालात घालणार आहेत.

फोन ठेवून तिनं विचारलं, "बघू का तिला? लांबूनच."

मी दारातून जराशी सरकले. आत दिवाणावर गोधडी, गोधडीखाली लिंदिता, केस तेवढे बाहेर. मी म्हटलं, प्रवासानं दमली आहे, झोपली.

इल्दा बघत राहिली. तिच्या फायलीत तेउताचा फोटो आहे, वय आहे, उंची मीच सांगितलेली आहे. गोधडीखालचं ते मुटकुळं नऊ वर्षांच्या मुलीचं नाही हे कुणालाही कळेल. ती आत जाऊन गोधडी ओढेल म्हणून मी वाट बघत होते. तिनं ती ओढावी, मला शिव्या द्याव्यात आणि हाताला धरून गाडीत कोंबावं, असं मला किती वाटत होतं ते मी इथं लिहून ठेवते.

खाली गाडीचं इंजिन चालूच होतं.

"उठवू नका," इल्दा म्हणाली. "झोपू दे तिला."